बुवांचा हात

हेमराजबुवांनी तिसऱ्या सकाळीही हात वर केला आणि माझ्या सुनेने हातातले टाळ खाली ठेवले. त्या वेळी माझ्या मनात आपल्या व्याह्यांविषयी जे आलं ते मी लिहिणार नाही. गळ्यात माळ आहे. पण आलं होतं, आणि चांगलं भरभरून आलं होतं.

"राहू द्या आई," नूतन म्हणाली. "एकादशीचं कीर्तन दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा मंडळाला."

तिनं फोन बंद केला, पदर खोचला आणि भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

हेमराजबुवा म्हणजे नूतनचे वडील. चोपडा-यावलकडे त्यांची कीर्तनं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना मी वेगळं काय सांगणार. मी कुमारी होते तेव्हा त्यांचं कीर्तन ऐकायला शेजारच्या गावी चालत जायची, आणि परत येताना पाय दुखलेले कधी आठवत नाहीत. त्यांच्या मुलीचं स्थळ आमच्या गोपालला आलं, तेव्हा मी पत्रिकासुद्धा पाहू दिली नाही. मागल्या वर्षी बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते खुणेनं बोलतात, नाहीतर पाटीवर लिहितात. घराबाहेर पडायला डॉक्टरांची मनाई.

इकडे सुरतेत, आमच्या डिंडोलीच्या विठ्ठल मंदिराच्या मंडळानं या एकादशीचं कीर्तन नूतनला दिलं. घरच्या बायकांत ती बोलायची, गायची. पण फेटेवाल्या टाळकऱ्यांच्या पुढे, नारदाच्या गादीवर उभं राहणं हे पहिल्यांदाच. तिनं एकच अट घातली. आप्पांनी, म्हणजे बुवांनी, आधी ऐकायचं आणि मान हलवायची. नाहीतर नाही.

म्हणून रोज सकाळी ती फोन स्टँडला लावून ओट्यावर उभी राहायची. मी मागे टाळ धरायची. पलीकडे बुवा पाटावर बसलेले, चित्र इतकं स्वच्छ की उपरण्याचा काठ दिसावा. ती सुरू करायची, जरा रंग भरायला लागला की बुवा अस्वस्थ व्हायचे, पुढे वाकायचे, आणि हात वर.

ज्यांना कीर्तनाची सवय नाही त्यांना सांगते. कीर्तनात बुवांचा हात वर झाला की सगळं थांबतं. टाळ थांबतात, मृदंग थांबतो, मागे गाणारा सूर अर्ध्यावर सोडतो. का थांबवलं हे विचारायचं नसतं. नूतन परकर नेसायची तेव्हापासून त्या हाताच्या मागे टाळ घेऊन उभी राहिलेली. तो हात वर गेला आणि ही गात राहिली, असं तिच्याकडून होणं शक्यच नाही. ती थांबायची, वाट बघायची. हात वरच. मग त्यांची मान नकारार्थी हलायची. मग ती फोन बंद करायची.

पहिल्या दिवशी म्हणाली, "चाल चुकली असेल." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "विषयच त्यांना पटला नाही." तिसऱ्या दिवशी भांडी घासायला बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाईनं गादीवर उभं राहू नये, हेच सांगत असतील. तोंडानं कधी बोलले नसते. आता तोंडच नाही, तर हातानं सांगतायत."

हे ऐकून माझं डोकं सणकलं. ज्या माणसानं भर मंडपात स्त्रियांच्या भक्तीवर बोलून आम्हाला रडवलं, त्यानं पोटच्या पोरीला हात दाखवून खाली बसवावं? मी ओट्यावर गेले आणि विहीणबाईंना फोन लावला. धुरपदाबाई साध्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, पण मुलीकडच्या म्हणून मला कधी अगं म्हटलं नाही त्यांनी.

"विहीणबाई, बुवांना सांगा," मी म्हटलं, "कीर्तन करायचं की नाही हे माझी सून ठरवेल. त्यांना पसंत नसेल तर त्यांनी बघू नये. पण सकाळी सकाळी माझ्या घरातली पोर रडवू नये."

पलीकडून हळू आवाजात, अहिराणीत, "रडस का ती?"

"रडणार नाही तर काय करेल? रोज अर्ध्यात हात वर."

"अहो माय," धुरपदाबाई म्हणाल्या, "आठे काहीच ऐकू येस नही. पोरनं तोंड उघडं दिखस नी चित्र थांबी जास. आवाज आला तर तुकडा तुकडा. ते हात करतस, थांब म्हणी, परत म्हण म्हणी."

म्हणजे तो हात ऐकू येत नाही म्हणून वर होता.

"मग तीन दिवस सांगितलं का नाही?"

त्यावर त्या मराठीवर आल्या. अवघड काही बोलायचं असलं की त्या अशाच करतात. "आधी आम्हाला वाटलं आमचाच फोन बाद झाला. तसं सांगितलं असतं तर तुम्ही नवा पाठवला असता. मुलीच्या घरचं कसं घ्यायचं? ह्यांनी पाटीवर लिहिलं, बोलू नको. मग शेजारच्या हिलालचा फोन आणला. त्यातही तेच. म्हणजे खोट तुमच्याकडची."

"मग तेव्हा तरी सांगायचं."

"मुलीच्या सासरची खोट आम्ही काढायची?"

आता सांगा. तिकडे एक माणूस पाटीवर लिहू शकत होता, त्याची बायको फोन करू शकत होती, आणि दोघं मुलीच्या सासरचा मान राखत बसले. इकडे मुलगी बापाचा मान राखत थांबत होती. सगळे एकमेकांचा मान राखत होते आणि कीर्तन बुडत होतं. मी फोन ठेवला. रागवायचं असतं तर कुणावर? पण राग तर आलेलाच होता, त्याला जागा पाहिजे होती. तेवढ्यात आमचे हे दूध घेऊन आले.

आमचे हे म्हणजे गल्लीचे सुपडूभाऊ. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात जन्म गेला, आता घरी असतात, कीर्तनाचे माझ्याइतकेच वेडे. घरात वायरचं इंटरनेट घ्यायचं ठरलं तेव्हा निवड ह्यांनीच केली होती, आणि ती कशी केली होती ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी जायचं, त्याच्या टीव्हीवर एकच कीर्तन लावायला सांगायचं, डोळे मिटून ऐकायचं, चहा प्यायचा. जिथे कीर्तन तुटलं ती लाइन बाद. मागच्या गल्लीतल्या जयश्रीकडे ऐन गजराला चित्र अडकलं, तर चहासुद्धा न घेता उठून आले. नवागामच्या केबलवाल्या योगेशच्या दुकानात तेलाच्या धारेसारखं चाललं, म्हणून त्याची वायर घरात आली.

"तुमच्या लाइनीनं पोरीचं वाटोळं केलं," मी म्हटलं.

"मनी लाइन?" ह्यांनी पिशवी खाली ठेवली. "अगं, मी सोता कानखाल ऐकीसन निवडी. एक मात्रा तुटनी नही."

"येताना नाही तुटली. जाताना तुटते."

ह्यांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही बोलल्यावरच कळलं. आम्ही जन्मभर ऐकणारी माणसं. कीर्तन आपल्याकडे येतं, आपण बसायचं, डोळे मिटायचे. आपल्या घरातून निघालेलं दुसऱ्यापर्यंत पोचतं कसं, याचा आम्ही दोघांनी विचारच केला नव्हता. चोपड्याकडून वाहत येणारी तापी सुरतेला आपोआप पोचते. इथलं पाणी तिकडे चढवायचं तर पंप लागतो, एवढी साधी गोष्ट.

मी योगेशला बोलावलं. तो यायला तयार नव्हता. म्हणाला, मासी, कंप्लेंट ॲपवर टाका. मी म्हटलं, मी तुझ्या दुकानात येऊन टाकते, चार गिऱ्हाईक असताना. मग आला.

योगेश तसा आपलाच, भडगावकडचा, पण इथे जन्मलेला. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, आणि उरलेली मराठी फक्त वसुलीच्या वेळी. आल्या आल्या त्यानं टीव्हीवर कीर्तन लावलं, आवाज मोठा केला आणि खुर्चीवर टेकला.

"बोला मासी. एकदम मख्खन. क्याँय अटकतं?"

"येताना नाही अटकत. माझी सून इथून बोलते ते तिकडे पोचत नाही."

"तिकडचं नेटवर्क असेल. गामडं आहे ना."

"तिकडे दोन फोन बदलून पाहिले."

"तर फोन तुमचा जुना."

"फोन दिवाळीत घेतला."

"तर वाय-फायचा डबा वर ठेवा, कपाटावर. वस्तू खाली ठेवली की असं होतं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खरंच डबा कपाटावर ठेवायला निघाले होते. "बसा," मी म्हटलं. बसले.

एवढ्यात जयश्री आली. मीच तिला निरोप पाठवला होता. जयश्री घरातून साड्या विकते. रिंगरोडच्या मार्केटमधून माल आणते आणि स्टँडवर फोन लावून नागपूर-अकोल्याच्या बायकांना पदर उलगडून दाखवते. दिवसभर तिचं बोलणं गल्लीत ऐकू येतं. मी विचार केला, हिची साडी जर अकोल्याला दिसते, तर माझी सून चोपड्याला का दिसू नये?

जयश्रीनं आमच्या वाय-फायवर फोन जोडला, काहीतरी दाबलं, आणि लाइनीचा वेग मोजणारा काटा फिरायला लागला. वर शंभरच्या आसपास आकडा. योगेशनं बोट दाखवलं. "जोयुं? शंभर म्हटलं, शंभर दिलं."

"थांब ना भाई," जयश्री म्हणाली, "अजून अर्धं बाकी आहे." काटा परत फिरला, जरासा उचलला आणि तिथेच लोळला. दोन. मग तीन. मग परत दोन.

"हे काय?" मी विचारलं.

"हे तुमच्याकडून बाहेर जाणारं, काकी. माझ्याकडे येणारं आणि जाणारं सारखंच. माझी काचेच्या तारेची लाइन आहे, ह्याची जुनी टीव्हीच्या केबलवर बसवलेली. ह्याच्यावर मी लाइव्ह केलं तर बायकांना पदर दिसायच्या आधी सेल संपेल."

"पण तुझ्याकडे तर कीर्तन अटकलं होतं," हे म्हणाले.

"काका, तुम्ही आलात तेव्हा माझे सगळे फोन लाइव्ह होते, आणि टीव्ही माझ्या सासऱ्यांच्या लग्नातला. तुम्ही विचारलं कुठे? उठून गेलात."

मी योगेशकडे वळले. "तुला हे माहीत होतं?"

"मासी, हा घरचा प्लॅन आहे," तो हसून म्हणाला, जणू काही मला समजावतोय. "घरचे लोक बघतात. घरचे लोक दाखवतात कुठे? त्याच्यासाठी बिझनेस प्लॅन असतो. सगळ्या नवागामात माझी लाइन आहे, आजपर्यंत एका माणसानं विचारलं नाही की माझ्याकडून किती जातं."

त्याच्या हसण्यानं झालं की त्या शब्दांनी झालं, माहीत नाही. सकाळचे टाळ बोलता बोलता मी पुन्हा हातात घेतले होते. ते मी खाली ठेवले, कारण हातात राहिले असते तर बरं झालं नसतं.

"घरचे लोक बघतात," मी म्हटलं. "बरोबर. घरातल्या माणसानं बसायचं, डोळे लावायचे, कुणी शहाणा बोलेल ते ऐकायचं. घरातून कुणी बोललं, गायलं, तर ते दाराबाहेर जायचं काय कारण? असंच ना? ही लाइन टाकताना तू ह्याच ओट्यावर बसून माझ्या हातचा चहा प्यालास. तुला मी सांगितलं होतं, सुनेच्या वडिलांचा आवाज गेलाय, ती त्यांना कीर्तन ऐकवणार आहे. ऐकवणार, म्हटलं होतं. तू मान डोलावलीस. तुला त्या वेळी हा दोनचा आकडा ठाऊक होता."

"मासी, सगळेच असं..."

"सगळ्यांचं मी विचारत नाही. तीन दिवस माझी सून समजते की बापाला ती नकोय. त्या बापाला बोलता येत नाही. त्यानं हात वर केला, तर तेवढाच काय तो त्याचा आवाज, आणि तुझ्या वायरीनं त्याचं भलतंच काही करून ठेवलं. आता हा डबा काढ आणि चालायला लाग."

"वर्षाचा प्लॅन घेतलाय तुम्ही. पैसे परत नाही मिळत."

"पैसे ठेव. त्याची मिठाई खा. डबा काढ."

त्यानं काढला. जाताना ह्यांना हळूच म्हणाला, "काका, मासीला बी.पी. आहे का?" हे म्हणाले, "तिले नही. आमले शे." त्यावर जयश्री हसली. मी नाही हसले. दशमीचा दिवस, उद्या एकादशी. देवापुढे जाऊन बसले तर नामसुद्धा दातांतून निघेना. ज्ञानी माणसं सांगतात की क्रोध सोडावा. सोडेन. पण मला कधी कधी वाटतं, ज्या गोष्टीची लाज करणाऱ्यालाच वाटत नाही तिच्यावरचा राग आपण सोडला, तर तो धरणार कोण?

आत नूतन सगळं ऐकत होती. मी तिला विहीणबाईंचं बोलणं सांगितलं.

"आई, तुम्ही माझं मन राखायला सांगताय."

"मी मन राखणारी बाई आहे का?"

त्यावर ती जरा हसली, पण उठली नाही. "आप्पा मान हलवत होते. नाही म्हणून. मी पाहिलं ना."

"ऐकू येत नाही म्हणून हलवत असतील. पुन्हा एकदा बघ. जयश्रीकडे चल. तिथेही हात वर झाला तर मी स्वतः मंडळाला नाही सांगून येते."

जयश्रीची खोली म्हणजे साड्यांचं जंगल. दोरीवर साड्या, स्टँडवर साड्या, मधे तो गोल दिवा. तिनं सेलची पाटी उलटी केली, जमिनीवर नवी चादर घडी घालून टाकली, म्हणाली, "ही तुझी गादी. कुणी मधेच सहा नंबर कितीला विचारलं तर सांगत बसू नकोस." आपले बाकीचे फोन तिनं एकेक करून बंद केले. भर धंद्याच्या वेळी. तिचे मी उपकार मानले नाहीत, कारण मानले असते तर मला रडू आलं असतं.

फोन लागला. बुवा पाटावर. या खेपेला धुरपदाबाई शेजारीच बसल्या होत्या, मुलीचं सासर वगैरे बाजूला ठेवून. नूतननं नमस्कार केला आणि सुरू केलं. मी मागे टाळ धरले. माझं लक्ष टाळाकडे नव्हतं, त्या हाताकडे होतं. हात मांडीवर होता.

तिनं गजर केला. हात मांडीवर. अभंग घेतला, पहिलं चरण उलगडलं. बुवा पुढे वाकले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. मांडीवरची बोटं हळूहळू हलायला लागली, ताल मोजायला लागली. ती दृष्टांतात शिरली, आवाज मोकळा झाला, कुणाला तरी उद्देशून बोलावं तसं बोलायला लागली. खोलीत साड्या आहेत हे मी विसरले.

मग तिनं चाल उचलली, द्रुत केली, आणि बुवांचा हात वर गेला.

नूतन थांबली. जशी रोज थांबायची तशी, सूर अर्ध्यावर. जयश्री माझ्या कानाशी म्हणाली, "लाइन चालू आहे, काकी, एकदम चालू आहे." माझा गेलेला राग उलट्या पावली परत आला. मी मनात म्हटलं, म्हणजे खरंच. म्हणजे वायरीचा दोष नव्हता, मी त्या योगेशला उगाच फाडलं.

बुवांनी हात तसाच वर ठेवला. दुसऱ्या हातानं शेजारचा टाळ ओढला, मांडीवर धरला आणि वाजवून दाखवला. सावकाश. एक, दोन, आणि मधली जागा, तीन. पुन्हा एकदा. मधल्या जागेवर बोट ठेवलं आणि तिच्याकडे रोखून पाहिलं, बापानं बघावं तसं नाही, बुवांनी टाळकऱ्याकडे बघावं तसं.

धुरपदाबाई म्हणाल्या, "ते सांगतस, तू एक टाळी खाई गयी."

नूतन वळली. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू.

"आई," ती म्हणाली, "त्यांना ऐकू आलं."

खाल्लेली टाळी, म्हणजे मधला सुटलेला ठोका, तिनं भरून काढली. हात खाली आला. चरण पुरं झालं तेव्हा बुवांची मान हलली, वरून खाली. तिकडचे टाळ आमच्यापेक्षा जरा मागून पोचत होते, पण पोचत होते. मी माझे टाळ सैल केले, त्यांना सोबत घ्यायला.

एकादशीच्या सकाळी जयश्रीच्या खोलीतून विठ्ठल मंदिरापर्यंत वायर ओढायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. बुवांना देवळातलं कीर्तन ऐकवायचं होतं, तिच्या कंपनीची माणसं यायला अजून वेळ होता, आणि चूक कानांची असली तरी भरपाई हातांनी करायची, असं ह्यांनी स्वतःच ठरवलं. गच्च्यांवरून, कठड्यांवरून, सुकत घातलेल्या पापडांना वळसा घालून वायर देवळात आली. घामाघूम होऊन हे खाली बसले, डबा लावला, फोन स्टँडवर ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "एखादं कीर्तन लावी दखू का, चालस का ते?"

"आता लावायचं नाही," मी म्हटलं. "आता तुम्ही गा. बुवा ऐकतील."

ह्यांनी आयुष्यात कधी एकट्यानं गायलेलं नाही. इकडे तिकडे पाहिलं. गादीजवळ नूतन, दारात गोपाल, मागे टाळकरी. मग डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि सूर लावला. रंगखात्यात इतकी वर्षं वाफ खाल्लेला तो आवाज.

तिकडे बुवांचा हात ताबडतोब वर गेला.

सगळं देऊळ हसलं. हे मात्र डोळे मिटून गातच राहिले, आणि नूतननं पुढे होऊन त्यांच्या कानावरचा हात काढला. "बाबा, पुरे," ती म्हणाली, "तिकडे चांगलं पोचतंय."